काँटेसाच्या केबिनमध्ये येणारी वाफ नेमकी कुठली? डॅशबोर्ड खोलण्याआधी हे तपासा

तुम्ही लिहिलेलं आधी एकत्र मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाडी काँटेसा क्लासिक, इसुझूचं 1.8 पेट्रोल इंजिन, एसी चालू स्थितीत आणि अजून नीट गार करणारा, हिटरही जोडलेला. जुलैत मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात, भर पावसात, डॅशबोर्डच्या जाळ्यांतून आणि पुढच्या काचेखालच्या फटीतून पांढरी वाफ यायला लागली. इगतपुरीला थांबून पाहिलं तर टेम्परेचरचा काटा जागेवर होता. तेव्हापासून गंगापूर रोड, कॉलेज रोड असं शहरात फिरतानाही वाफ कधी येते, कधी येत नाही. डाव्या बाजूची मॅट ओलसर राहते. काचेवर आतून एक थर बसतो आणि कागदाने पुसला की तो आणखी फासला जातो. रेडिएटरमध्ये अधूनमधून हिरव्या कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) भर घालावी लागते, पण जुनी गाडी म्हणून तुम्ही ते मनावर घेतलं नाही. एका मेकॅनिकच्या मते कूलिंग कॉइल (एसीचा हवा गार करणारा भाग) फुटून गॅस गळतोय, दुसऱ्याच्या मते हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलंय. तुमचा प्रश्न असा की एवढं सगळं खोलण्याआधी खात्री कशी करायची.

माझं मत आधीच सांगून टाकतो: तुमचा हिटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हिटरचा छोटा रेडिएटर, गळतोय. काचेवरचा तो थर, ओली मॅट आणि कमी होणारं कूलंट या तीन गोष्टी एकत्र आल्या की दुसरं काही सुचणं कठीण. पण मत म्हणजे निदान नव्हे. काँटेसाचा डॅशबोर्ड आता तीस-पस्तीस वर्षांचा असणार. त्याचं प्लास्टिक उन्हाने कडक झालेलं असतं, क्लिपा तुटतात आणि तुटलेली क्लिप बाजारात मिळत नाही. म्हणून तो एकदाच आणि खात्री करूनच उघडायचा.

त्याआधी, या प्रकारात भीती कशाची बाळगायची ते सांगणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गाडीत वाफ आली की लोक इंजिनची काळजी करतात. खरा धोका काचेचा असतो. हिटर कोअरचं छिद्र घाटातल्या वळणावर अचानक मोठं झालं, तर गरम कूलंटची वाफ थेट पुढच्या काचेवर जाते आणि दोन-चार सेकंदांत समोरचं दिसेनासं होतं. वायपर बाहेरून फिरतो, थर आतून असतो. पावसात, मागे कंटेनर आणि बाजूला दरी असताना असं झालं तर काय होईल ते मी वेगळं सांगायला नको. त्यामुळे खाली दिलेली बायपासची चाचणी (कोअर वगळून होज थेट जोडण्याची) होईपर्यंत ही गाडी घेऊन कसारा, सापुतारा किंवा त्र्यंबकच्या पुढचा घाट करू नका. रस्त्यात पुन्हा वाफ आलीच तर लगेच ब्लोअर बंद करा, सगळ्या काचा खाली घ्या, इंडिकेटर देऊन कडेला या आणि इंजिन बंद करा. रेडिएटरची टोपी तासभर तरी उघडू नका.

आता वाफ ओळखायची कशी. वाफ दिसायला एकसारखीच असली तरी ती मागे काय ठेवते ते प्रत्येक वेळी वेगळं असतं. नाकाने वास, बोटाने थर आणि घड्याळाने वेळ, या तीन गोष्टी तपासल्या की बहुतेक उत्तर मिळतं.

सगळ्यात निरुपद्रवी वाफ एसीचीच असते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती हमखास दिसते. जुलैतली नाशिकची हवा पाण्याने भरलेली असते. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात तर विचारूच नका. अशी हवा थंडगार कॉइलवरून गेली की जाळीतून बाहेर पडणारा झोत केबिनमधल्या दमट हवेत मिसळतो आणि तिथेच धुकं तयार होतं. हे धुकं जाळीपासून वीतभर अंतरावर विरतं, त्याला वास नसतो आणि काचेवर ते काहीही मागे ठेवत नाही. आतली हवा कोरडी झाली की पाच-दहा मिनिटांत आपोआप थांबतं. एसी बंद केला आणि साधा ब्लोअर ठेवला तर लगेच नाहीसं होतं. घाटात तुम्हाला दिसलेल्या वाफेत थोडा वाटा याचाही असू शकेल. पण धुकं चिकट थर ठेवत नाही, म्हणून सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही.

गॅस गळतीचा तर्क मात्र मी इथेच बाजूला ठेवतो. एसीचा गॅस, मग तो जुना आर-12 असो किंवा नंतरचा आर-134ए, रंगहीन असतो. कॉइल एकदम फुटली तर फुस्स आवाज होतो, तेलाचा बारीक फवारा दिसू शकतो आणि त्यानंतर थंडावा गायब होतो. तुमची गाडी वाफ येऊन इतके दिवस झाले तरी नीट गार होते असं तुम्हीच लिहिलंय. गॅस केबिनमध्ये गळत असता तर आठवडाभरात एसी नुसता पंखा झाला असता. तुमच्या गाडीत अजून मूळ आर-12 ची व्यवस्था असेल तर एक गोष्ट आणखी लक्षात घ्या. 1 जानेवारी 2010 पासून आपल्याकडे सीएफसी वायूंचं (आर-12 त्यातलाच) उत्पादन बंद आहे. संशयापोटी कुणी तुमचा गॅस सोडून दिला तर तो परत भरणं सोपं नाही आणि बहुधा संपूर्ण व्यवस्था आर-134ए वर आणावी लागेल. त्यामुळे कूलिंग कॉइलला हात लावू देऊ नका.

हेड गॅस्केटचंही तसंच. ते गेलं की कूलंट सिलिंडरमध्ये जाऊन सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, किंवा तेलात पाणी मिसळून तेलाच्या टोपीखाली मळकट साय दिसते, किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात आणि होज पाईप सकाळीसुद्धा टणक लागतात. डॅशबोर्डच्या जाळीतून वाफ यायला गॅस्केटपासून थेट रस्ताच नाही. तुमच्या मेकॅनिकने कूलंट कमी होतंय एवढं एकच लक्षण धरलं असावं.

आता हिटर कोअरकडे येऊ. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत हिटर कधीच काढून टाकलेला असतो. नाशिकच्या मे महिन्यात कुणाला हवाय तो? काँटेसाची बॉडी मात्र व्हॉक्सहॉलच्या व्हीएक्स गाडीवरून आली. ती थंड देशातली गाडी, त्यामुळे डॅशबोर्डमागे हिटरची जागा आधीपासून आहे. इंजिनचं गरम कूलंट दोन होज पाइपांतून फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) पलीकडे येतं, एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि परत जातं. तो छोटा रेडिएटर म्हणजेच हिटर कोअर. तो गळला की कूलंट हिटर-एसीच्या डब्यात साचतं, डाव्या बाजूच्या मॅटवर उतरतं आणि ब्लोअरची हवा त्यातला बाष्पाचा भाग उचलून काचेवर नेते.

काचेवरचा थर का पसरतो, हे इथे कळतं. कूलंटमधला मुख्य पदार्थ इथिलीन ग्लायकॉल. तो उकळतो सुमारे 197 अंशांना, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ दुप्पट. बाष्पातून तो काचेवर येऊन बसतो, पाणी उडून जातं आणि ग्लायकॉल तसाच राहतो. त्याचा वास गोडसर असतो, बोटाला किंचित तेलकट लागतो, कागदाने पुसला तर फासतो. चव घेऊन बघायची सवय काही जुन्या मिस्त्रींना असते, ती करू नका, कारण ग्लायकॉल विषारी आहे. मॅटवर साचलेलं पाणी घरातल्या कुत्र्या-मांजरांनीही चाटू नये म्हणून लगेच पुसून घ्या.

इथे एक खाचखळगा आहे, जो शहरात शिकलेल्या मेकॅनिकलाही बऱ्याचदा दिसत नाही. गावाकडच्या गाड्यांत कूलंट नसतंच. सिन्नर-निफाड पट्ट्यातली बोअरवेलची पाण्याची कॅन रेडिएटरमध्ये ओतलेली असते. अशा गाडीत हिटर कोअर गळला तर गोड वास येत नाही, चिकट थर बसत नाही, मॅट फक्त ओली होते आणि मग सगळे एसीच्या नळीच्या मागे लागतात. तुमच्या गाडीत हिरवं कूलंट आहे म्हणून निदान सोपं झालंय. जिच्यात साधं पाणी आहे, तिच्यात आधी रंगीत कूलंट भरून आठवडाभर चालवावी आणि मग पांढऱ्या कागदाने मॅटखालचा ओलावा टिपावा. पाणी वाळलं की मागे काही उरत नाही. कूलंट वाळलं की रंगाचा डाग आणि चिकटपणा राहतो. बोअरच्या पाण्यातला क्षार कोअरच्या बारीक नळ्यांत बसतो, गंजाला हातभार लावतो आणि वर्षानुवर्षांनी हेच छिद्र तयार करतो. ही बहुतेक जुन्या गाड्यांची कहाणी आहे.

कोणी तुम्हाला सांगेल की हिटरची नॉब बंद ठेवा म्हणजे गळणार नाही. हे बऱ्याच गाड्यांत खोटं ठरतं. व्हॉल्व्ह सहसा आत येणाऱ्या पाइपावर असतो. तो बंद केला तरी परत जाणारा पाइप वॉटर पंपाकडे उघडाच राहतो आणि कोअरमध्ये संपूर्ण यंत्रणेचा दाब येत राहतो. फक्त प्रवाह थांबतो, गळती नाही. घाटात ती वाढते याचं कारणही दाबच आहे. चढावर कमी वेग, जास्त जोर, एसी चालू, रेडिएटरला हवा कमी. कूलंट तापतं, दाब वाढतो आणि थंड असताना मिटलेली भेग उघडते. सपाटीवर ती पुन्हा मिटते. म्हणूनच तुम्हाला वाफ कधी दिसते, कधी दिसत नाही.

आता चाचणी. पहिली चाचणी फुकट आहे. सकाळी थंड इंजिन असताना डाव्या बाजूची मॅट आणि तिच्याखालचा कापूस-फेल्ट उचला. फायरवॉलला लागून, एसीच्या डब्याच्या खालच्या कडेला पांढरा टिश्यू दाबा. मग एसी न लावता, ब्लोअर आणि हिटर चालू ठेवून गाडी गरम करा आणि पुन्हा टिश्यू दाबा. टिश्यूवर हिरवा किंवा तपकिरी ओलावा आला तर समजा. त्याच वेळी गाडीच्या खाली वाकून एसीच्या पाण्याची नळी शोधा. पावसात एसी चालू असताना तिच्यातून जमिनीवर थेंब पडायला हवेत. पडत नसतील तर नळी पानांनी, चिखलाने किंवा कुंभारीण माशीच्या घरट्याने बुजली आहे. तारेने हलक्या हाताने मोकळी करा. मॅट ओली राहण्याचं एक कारण तिथेही असू शकतं आणि दोन्ही दोष एकाच गाडीत असणं मी अनेकदा पाहिलंय.

दुसरी चाचणी दाबाची. बऱ्याचशा चांगल्या रेडिएटरवाल्यांकडे हातपंपाचं प्रेशर टेस्टर असतं. इंजिन पूर्ण थंड असताना टोपीच्या जागी ते बसवायचं आणि टोपीवर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा. टोपीवर 0.9 असेल तर 0.9, त्याहून जास्त अजिबात नाही. जुन्या कोअरला जास्त दाब देणारा मेकॅनिक आपणच गळती तयार करतो. काटा पंधरा-वीस मिनिटं स्थिर राहिला तर यंत्रणा त्या वेळी बंद आहे. उतरला आणि इंजिनच्या बाजूने कुठेच ओल दिसत नसेल, तर पाणी केबिनमध्ये जातंय. तुमच्यासारख्या गळतीत एक त्रास असा की थंड इंजिनवर भेग मिटलेलीच राहते आणि टेस्टर काहीच दाखवत नाही. म्हणून मी या चाचणीवर एकट्यावर विसंबत नाही.

माझा खरा भरवसा तिसऱ्या चाचणीवर, बायपासवर. इंजिन थंड करा. फायरवॉलपाशी येणारे हिटरचे दोन्ही होज काढा, कोअरच्या दोन्ही तोंडांना बूच लावा आणि होजची दोन टोकं योग्य जाडीच्या पितळी जोडाने एकमेकांना जोडा. चांगल्या स्क्रूच्या क्लिपा वापरा, तारेने बांधू नका. काँटेसाचा होज वयानुसार कडक झाला असेल तर तो नवाच घ्या, पंधरा मिनिटांच्या कामासाठी जुना फाटला तर रस्त्यात अडकाल. कूलंट पूर्ण पातळीला भरा, हवा काढा, कूलंटच्या बाटलीवर पातळीपाशी मार्करने रेघ मारा आणि काच आतून नीट साफ करून घ्या. मग आठवडाभर गाडी वापरा, पण घाट सोडून. रेघ जागेवर, काच स्वच्छ, मॅट कोरडी, तर निदान झालं. डॅशबोर्ड उघडा. रेघ तरीही खाली जात असेल तर दोष कोअरमध्ये नाही, किंवा त्याच्या जोडीला दुसरा आहे, आणि तो पंप, होज, रेडिएटर किंवा गॅस्केटमध्ये शोधायचा. या एका चाचणीने डॅशबोर्डचा खर्च वाचलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. हिटर नको असेल तर ही जोडणी कायमचीही ठेवता येते. निफाडच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघणाऱ्यांना मात्र मी तो सल्ला देणार नाही, तिथे तापमान 5 अंशांच्या खाली जातं आणि काचेवरचं दव घालवायला हिटर लागतोच.

आणखी तीन वाफा आहेत. त्या तुमच्या गाडीत दिसत नाहीत, तरी सांगतो, कारण त्यांचं निदान चुकलं तर जीवावर बेततं.

पेट्रोलचा वास आला की बाकी सगळी चर्चा थांबवा. हवेत साधारण दीड टक्का पेट्रोलची वाफ झाली तरी ती पेटू शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने पायापाशी साचते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडरच्या काळातल्या रबरी होजला, डायफ्रॅमला ते मानवत नाही. रबर फुगतं, मग तडकतं. वास आला तर दारं उघडा, कोणतंही बटण दाबू नका, गाडी ढकलून मोकळ्यावर न्या. इंधनाचे सगळे होज इथेनॉल सहन करणारे आहेत का, हे या वर्षी प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने पाहावं.

दुसरी वाफ विजेची. जळक्या बेकेलाइटचा, प्लास्टिकचा झोंबणारा वास आणि निळसर धूर. ब्लोअर चालू करताच येत असेल तर रेझिस्टरवर (ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या भागावर) साठलेली पानं-धूळ जळतेय किंवा मोटर जाम होतेय. आधी बॅटरीचं टर्मिनल काढा, मग विचार करा. त्याचा स्पॅनर हाताशी ठेवा आणि सीटखाली पावडरचं छोटं अग्निशामक असू द्या.

तिसरी सायलेन्सरची, आणि तिची मला सगळ्यात जास्त धास्ती. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो, वासही नसतो. त्यामुळे वाफ दिसली नाही म्हणून निश्चिंत राहू नका. मागची काच अर्धी उघडी ठेवून चालवताना केबिनमध्ये कमी दाब तयार होतो आणि सायलेन्सरचा धूर डिकीच्या सडक्या रबरातून आत ओढला जातो. डोकं दुखणं, मळमळ, मुलं गाडीत पेंगणं याला घाटाची वळणं म्हणून सोडून देऊ नका. डिकीचं रबर तपासायला रात्री आत टॉर्च लावून बाहेरून फट कुठे दिसते ते पाहा. फायरवॉलमधून जाणाऱ्या वायरींचे आणि केबलचे रबरी ग्रोमेट (भोकातल्या रबरी कड्या) तपासा, तिथेही रस्ता असतो.

बायपासने निदान पक्कं झालं की पुढे काय. हळद घालून गळती थांबवू नका. मी मोठ्या कळकळीने सांगतोय, कारण आपल्याकडे हा उपाय अजून चालतो आणि बाटलीतल्या 'लीक स्टॉप'चाही तोच गुण. ती पावडर कोअरच्या नळ्यांत आणि रेडिएटरमध्ये बसते. आज छिद्र मिटतं, एप्रिलमध्ये मुंबई-आग्रा रस्त्यावर इंजिन तापतं. कोअर काढून पाहा. तो तांब्या-पितळेचा निघाला तर डाग देणारा जुना कारागीर त्याला जीवदान देऊ शकतो. डाग दिल्यावर तो टबात बुडवून थोड्या हवेच्या दाबाने बुडबुडे येतात का पाहून घ्या. नळ्या आतून पातळ झाल्या असतील तर डाग देण्यात अर्थ नाही, नवा किंवा नव्याने जाळी भरलेला कोअर घ्या.

डॅशबोर्ड खोललाच आहे तर त्याच वेळी हिटरचा व्हॉल्व्ह, दोन्ही होज, एसीच्या पाण्याची नळी आणि डब्याच्या फोमच्या पट्ट्या बदला. फोम कुजला की हवा भलतीकडे जाते. खोलताना प्रत्येक वायरचा फोटो काढा, स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. भरताना डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, हिटरची नॉब उघडी ठेवून भरा, नाहीतर कोअरमध्ये हवा अडकते. तांब्या-पितळेच्या रेडिएटरसाठी मी पारंपरिक हिरवं कूलंटच वापरतो. आधी यंत्रणा साध्या पाण्याने निखळ होईपर्यंत धुवा.

शेवटी कार्पेट. हा भाग सगळे विसरतात आणि मग महिन्याभराने मला विचारतात की वास अजून का येतोय. ग्लायकॉल हवेतली ओल धरून ठेवतो, त्यामुळे तो स्वतः वाळत नाही. मॅट आणि खालचा फेल्ट बाहेर काढून कोमट पाण्याने दोन-तीनदा धुवा, उन्हात वाळवा. फेल्ट फार भिजला असेल तर फेकून नवा घाला. उघड्या पत्र्यावरचा गंज खरडून रंग लावा आणि मगच कार्पेट परत अंथरा. काच साबणाच्या पाण्याने, मग कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. थर पूर्ण निघाला की नाही ते रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांत कळतं.